बरा झालेला माणूस परत येतो तेव्हा



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून डॉक्टरांविषयी बोलावं, असं कुणालाही वाटेल. मी मात्र आज रुग्णाविषयी बोलणार आहे. तोही खाटेवरचा रुग्ण नव्हे. बरा झालेला, घरी गेलेला, कामाधंद्याला लागलेला, आणि मग एके दिवशी त्याच इमारतीची पायरी पुन्हा चढून, "माझा इथे काही उपयोग होईल का?" असं विचारणारा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. दवाखान्याच्या पायरीबद्दलही आपली भावना वेगळी नाही. सुटी मिळाली की माणसं पिशव्या उचलतात, डॉक्टरांच्या पाया पडतात आणि मागे वळून न पाहता निघतात. त्यात गैर काहीच नाही. ज्या भिंतींकडे बघत रात्री काढल्या, त्या पुन्हा पाहाव्यात असं कुणाला वाटेल? आणि तरीही काही जण परत येतात. दर आठवड्याला येतात. वर्षानुवर्षं येतात.

हे लोक का येतात? ते नेमकं काय देतात? आणि त्यांच्या येण्याचं चीज व्हावं म्हणून संस्थांनी काय करायला हवं? या तीन प्रश्नांच्या क्रमानेच मी बोलणार आहे.

पहिला प्रश्न. का येतात?

आपल्या परंपरेने माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो, असं सांगितलं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. यातली फेडीची रीत मला फार महत्त्वाची वाटते. आईबापांचं ऋण आईबापांना परत करून फिटत नाही. ते पुढची पिढी वाढवून फेडायचं असतं. ज्ञान देणाऱ्याचं ऋण शिकून आणि शिकवून फेडायचं असतं. म्हणजे जिथून मिळालं तिथे परत द्यायचं, असा हा व्यवहार नाही. जे मिळालं ते पुढच्याच्या हाती द्यायचं. ज्या शल्यचिकित्सकाने तुमचा जीव वाचवला त्याला तुम्ही काय देणार? पेढे द्याल, दिवाळीला भेटून याल. त्याचं ऋण फिटायचं तर ते त्याच वॉर्डात, त्याच भीतीने बसलेल्या पुढच्या रुग्णापाशीच फिटेल. परत येणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवलेलं नसतं. त्याला ते आतून उमगलेलं असतं.

पण हे कृतज्ञतेवर संपत नाही. देणाऱ्यालाही त्यातून काही मिळतं, आणि ते मान्य करायला संकोच वाटायचं कारण नाही. याचा सर्वांत ठळक दाखला 1935 सालचा आहे. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात न्यूयॉर्कचा एक शेअरबाजारातला माणूस कामासाठी आला होता. नाव बिल विल्सन. पाच महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. काम फसलं. हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता, आणि पलीकडे बार होता. त्या क्षणी त्याला कळलं की आपल्याला आत्ता दुसऱ्या दारुड्याशी बोललं पाहिजे. त्याला सुधारण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. त्याने चर्चमधल्या लोकांना फोन लावले. त्यातून भेट झाली डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची. पंधरा मिनिटांत उठायचं ठरवून आलेले डॉक्टर काही तास बसून राहिले. का? कारण आजवर त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. स्वतःची कहाणी सांगणारा हा पहिलाच होता. 10 जून 1935 हा दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापनादिवस मानला जातो. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला, तो हा दिवस. आज महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांतही 'एए'च्या सभा भरतात. फी नाही, वर्गणीची सक्ती नाही. "आज, फक्त आज प्यायची नाही," एवढा निश्चय घेऊन माणसं येतात. आणि जुना सभासद नव्याच्या शेजारी बसतो, तेव्हा त्या बसण्याने दोघेही सावरतात.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्या अधिक जवळचं. 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. ब्राउन शुगरने, म्हणजे गर्दने, तेव्हा मुंबई-पुण्याची तरुण पोरं गिळायला सुरुवात केली होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी पाठबळ दिलं. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम उभं राहिलं. इतकं आपल्याला ठाऊक असतं. पण मुक्तांगणचं मोठेपण मला आणखी एका गोष्टीत दिसतं. तिथे जे उपचारासाठी आले, त्यांतलेच कित्येक पुढे तिथले कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. ज्याच्या हाती घरच्यांनी कपाटाची किल्ली दिली नसती, त्याच्या हाती संस्थेने माणसं सोपवली. एखाद्याला पुन्हा माणूस करायचं असेल तर त्याच्यावर जबाबदारी टाका. उपचारांच्या यादीत हा उपचार छापलेला नसतो. पण त्याच्याइतका गुणकारी दुसरा मला माहीत नाही.

आता दुसरा प्रश्न. परत आलेला माणूस देतो काय?

तो शिकलेला डॉक्टर नाही, परिचारिका नाही. त्याच्यापाशी पदवी नाही. मग त्याच्यापाशी असं काय आहे, जे त्या भव्य इमारतीत दुसऱ्या कुणापाशीच नाही?

त्याच्यापाशी पहिली गोष्ट आहे ती पुरावा. तो स्वतःच पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या टेरेस लासर यांची 1952 साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी ती फार मोठी शस्त्रक्रिया असे. हात वर जात नसे, खांदा आखडे; आणि पुढे कसं जगायचं, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, हे सांगायला कुणी नसे. या बाई बऱ्या झाल्या आणि रुग्णालयांत जाऊन अशाच बायकांना भेटू लागल्या. हाताचे व्यायाम दाखवू लागल्या. काही डॉक्टरांना ते रुचलं नाही. काही ठिकाणी त्यांना दारही बंद झालं. त्या थांबल्या नाहीत. 'रीच टू रिकव्हरी' या नावाने ते काम वाढलं आणि 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपलंसं केलं. डॉक्टर "तुम्ही बऱ्या व्हाल" म्हणतात तेव्हा ते आश्वासन असतं. नीट साडी नेसलेली, हात डोक्यावर नेऊन केस विंचरू शकणारी बाई समोर येऊन "माझंही हेच ऑपरेशन झालंय" म्हणते, तेव्हा आश्वासनाची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती. पुस्तकात नसलेली, किंवा असूनही कुणी न सांगितलेली. क्षयरोगाचं उदाहरण घेऊ. साध्या क्षयाचा औषधोपचार साधारण 6 महिन्यांचा. पहिले दोन महिने झाले की खोकला जातो, ताप जातो, भूक लागते. माणसाला वाटतं, झालो की बरा! आणि तो गोळ्या सोडतो. तिथेच घात होतो. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग उपचार लांबतो, अवघड होतो. हे डॉक्टर सांगतातच. पण त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनने लघवी लालसर केशरी होते, हे सांगायचं कधी कधी राहून जातं. माणूस घाबरतो, रक्त पडतंय म्हणतो आणि औषध बंद करतो. अशा वेळी गल्लीतलाच कुणी "अरे, माझीही झाली होती. गोळीचाच रंग आहे तो, घाबरू नकोस, एकही डोस चुकवू नकोस," म्हणाला, तर एक माणूस वाचतो, आणि त्याच्या खोकल्यापासून त्याचं घरही वाचतं. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात अशा बऱ्या झालेल्यांना प्रशिक्षण देऊन 'टीबी चॅम्पियन' म्हणून उभं केलं जातं. मला ही अलीकडची अत्यंत समंजस गोष्ट वाटते.

तिसरी गोष्ट आहे वेळ. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांच्या वाट्याला एका रुग्णासाठी किती मिनिटं येतात, हे आपण सगळे जाणतो. दोष त्यांचा नाही. रांग तेवढी आहे. परळचं टाटा रुग्णालय 1941 पासून उभं आहे. देशभरातून तिथे माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर भाग्य, नाहीतर आसपासच्या पदपथावर पथारी. भाषा कळत नाही, फाइल कुठे द्यायची कळत नाही, पैसे संपत आलेले. त्या गर्दीत कुणीतरी थांबून आपलं पूर्ण बोलणं ऐकून घेणं, ही किती मोठी गोष्ट आहे! व्ही केअर ही संस्था वंदना गुप्ता यांनी 1994 साली मुंबईत सुरू केली, ती स्वतः कर्करोगातून उठल्यानंतर. त्या संस्थेची मूळ प्रेरणाच ही की एकट्याने हे सोसू नये.

माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत. नाव सांगितलेलं त्यांना आवडणार नाही. आमच्या भागातल्या एका रुग्णालयात त्या आठवड्याला ठरलेल्या दिवशी येतात. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, त्यांचा दिवस चुकत नाही. त्यांचं काम काय, असं विचाराल तर सांगण्यासारखं फारसं काहीच नाही. पहिल्या केमोथेरपीसाठी आलेल्या बाईच्या शेजारी त्या बसतात. केस गळायला लागले की उशीवर पुंजके दिसतात, तेव्हा आधीच बारीक कापून घेतलेले बरे, हे सांगतात. रुमाल कसा बांधायचा ते दाखवतात. आणि मग स्वतःच्या वेणीला हात लावून म्हणतात, "हे बघ, परत आले." तोंड आलं तर तिखट टाळ, मऊ भात, वरण, जे जाईल ते थोडं थोडं खा; ताप आला तर सकाळची वाट न बघता लगेच रुग्णालयात कळव. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका लागते, ती गावाकडे राहिली असेल तर कुणाला फोन करायचा, आरोग्यमित्राचं टेबल कुठल्या मजल्यावर आहे, आज कुठली खिडकी लवकर बंद होते. एवढंच. पण मित्रहो, हे "एवढंच" ज्याला मिळालेलं नसतं, तो अर्धा आजाराने आणि अर्धा गोंधळाने खचतो. किती तरी उपचार औषध नाही म्हणून अडत नाहीत. कागद नाही, वाट माहीत नाही, सोबत नाही म्हणून अडतात.

इथवर आपण ज्याला काही मिळालं, त्याने परत देण्याविषयी बोललो. पण ज्याला समाजाने काही दिलंच नाही, त्याने काय परत करायचं? त्याच्यावर कुणाचं ऋण आहे?

याचं उत्तर वरोऱ्याजवळ आहे. 1949 साली बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केलं, तेव्हा सोबत होत्या साधनाताई, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये. ज्यांना घराने टाकलं, गावाने टाकलं, देवळाच्या दारात कटोरा घेऊन बसायला लावलं, ती ही माणसं. त्यांनी विहीर खणली, जमीन कसली, भाजी पिकवली. ती भाजी बाजारात घ्यायला लोक सुरुवातीला बिचकत होते. आणि याच माणसांनी, झडलेल्या बोटांच्या हातांनी, 1964 साली आनंदनिकेतन महाविद्यालय उभारलं. कुणासाठी? स्वतःसाठी नव्हे. वरोरा पंचक्रोशीतल्या मुलांसाठी. ज्यांच्या आईबापांनी यांच्या सावलीलाही नकार दिला होता, त्यांच्या मुलांसाठी. पुढे 1973 साली भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा माडिया आदिवासींच्या सेवेसाठी डॉ. प्रकाश आणि मंदाताई आमटे यांच्या सोबत आनंदवनातले बरे झालेले कुष्ठरुग्णही होते.

याला काय म्हणाल? हिशेबाने पाहिलं तर देणं समाजाचं होतं, फेडलं त्यांनी. मला वाटतं, सेवा स्वीकारताना माणूस वाकलेला असतो. कितीही प्रेमाने दिलेली असो, घेणाऱ्याच्या मनात एक ओझं राहतंच. जेव्हा तो स्वतः द्यायला लागतो, तेव्हा ताठ उभा राहतो. म्हणून देण्याची संधी हा रुग्णाचा हक्क आहे. आपण रुग्णाला औषध देतो, अन्न देतो, पांघरूण देतो. त्याला देण्याची संधी देतो का? दानाचा कार्यक्रम करताना हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावा.

आणि इथून मी तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. संस्थांनी काय करायला हवं?

सर्वांत आधी, तयारी करून घ्यावी. भलेपणा पुरेसा नाही. भल्या माणसाकडूनही नुकसान होतं. "मला ह्या औषधाने बरं वाटलं, तुम्हीही घ्या," हे वाक्य जीवघेणं ठरू शकतं. म्हणून स्वयंसेवकाने औषधाचा सल्ला द्यायचा नाही. रुग्णाची गोष्ट दाराबाहेर न्यायची नाही. एचआयव्हीसारख्या आजारात तर एका फुटलेल्या शब्दाने कुणाचं घर, कुणाची नोकरी जाऊ शकते. आपली कहाणी सांगायची ती समोरच्याला हवी तेवढीच. उरलेला वेळ त्याचं ऐकायचं. आणि स्वतःच्या उपचारातून बाहेर पडून पुरेसा काळ गेल्याशिवाय दुसऱ्याच्या दुःखात उतरायचं नाही. हे सगळं शिकवावं लागतं. केरळने ते करून दाखवलं. 1993 साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. त्यातून पुढे वस्तीवस्तीतल्या सामान्य माणसांना शिकवून, घरोघरी खितपत पडलेल्या रुग्णांना नेमाने भेटणारं स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. 2008 साली तिथल्या सरकारने उपशामक उपचारांचं धोरणच जाहीर केलं. शेजारधर्माला प्रशिक्षणाची जोड दिली की काय होतं, ते पाहायचं असेल तर केरळकडे पाहावं.

दुसरं, नियमितपणा मागावा. वाढदिवसाला फळं वाटणाऱ्यांचा हेतू मी वाईट मानत नाही. पण रुग्णाचा आजार एका दिवसाचा नसतो. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. उन्हाळ्याच्या सुटीतही लागतं, दिवाळीतही लागतं. महाविद्यालयं बंद, शिबिरं कमी, रक्तपेढीत तुटवडा, अशा नेमक्या दिवसांत रक्तदाते गोळा करत हिंडतात ते बहुतेक वेळा अशा मुलांचे आईबापच. ते स्वतःच्या मुलासाठी सुरुवात करतात आणि मग सगळ्यांच्याच मुलांचे होतात. अशांना साथ द्यायची तर वर्षातून एकदा नव्हे, आळीपाळीने वर्षभर द्यावी लागेल.

तिसरं, स्वयंसेवकालाही जपावं. ज्याच्याशी चार महिने बोललो तो गेला, ही बातमी त्यालाही सोसावी लागते. त्यातून स्वतःच्या आजाराची जुनी भीती वर येते. त्याच्याशी बोलणारं कुणी हवं, त्याला हक्काची सुटी हवी, त्याला येण्याजाण्याचं भाडं मिळायला हवं. गरीब माणसालाही सेवा करावीशी वाटते. एसटीच्या तिकिटापायी त्याला ती सोडावी लागू नये.

आणि शेवटची गोष्ट, जी मी या व्यासपीठावरून मुद्दाम ठासून सांगतो. स्वेच्छेने दिलेल्या सेवेच्या आडून कुणी पगार वाचवू नये. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावागावांत आशाताई नेमल्या गेल्या. बाळंतिणीला दवाखान्यात नेणं, लसीकरण, सर्वेक्षण, साथीच्या दिवसांत दारोदार फिरणं. कामाला अंत नाही. आणि कागदावर त्यांची ओळख काय? स्वयंसेविका. मानधनासाठी, मोबदल्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा आझाद मैदानात बसावं लागलं. ज्यावर घर चालतं ते काम आहे, आणि कामाला वेतन असतं. रिकाम्या जागेवर परिचारिका नेमली पाहिजे. तिथे स्वयंसेवक उभा करणं हा रुग्णावरही अन्याय आहे आणि सेवेवरही. स्वयंसेवकाची जागा परिचारिकेच्या शेजारी आहे, तिच्या जागेवर नाही.

मित्रहो, आता थोडक्यात मांडतो. बरा झालेला माणूस परत येतो, कारण आयुष्याची काही ऋणं पुढच्याला देऊनच फिटतात, आणि देताना तो स्वतःही पुरता बरा होतो. तो पुरावा देतो, वाट दाखवतो आणि वेळ देतो. या तिन्ही गोष्टी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. आणि संस्थांनी त्याला शिकवलं, जपलं, योग्य जागा दिली, तरच त्याची सेवा रुग्णाच्या कामी येते.

या सभागृहात मोठ्या दुखण्यातून उठलेले पुष्कळ जण असतील. कुणाचं हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, कुणी कर्करोगातून बाहेर आलं असेल, कुणाची दारू सुटली असेल, कुणी महिनोन्महिने आईच्या उशाशी बसलं असेल. तुमच्यापाशी जे आहे ते फार मोलाचं आहे, आणि ते फक्त तुमच्यापाशी आहे. ते घेऊन तुमच्या गावातल्या रुग्णालयात किंवा संस्थेत जा. आठवड्याचा एक दिवस ठरवा, आणि तो पाळा. आणि इथे जे विश्वस्त आहेत, रुग्णालयांचे प्रशासक आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: असा माणूस दाराशी येईल तेव्हा त्याला देणगीची पावती पुढे करू नका. त्याला नाव विचारा, आजार विचारा, शिकायची तयारी आहे का ते विचारा, आणि कामाला लावा. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांना याहून योग्य आदरांजली मला सुचत नाही.